वाडीची तर्री आणि साऱ्या मुलखाचं पाणी

वाडीतल्या रुपरावच्या खानावळीत तर्री यायची बंद झाली, तेव्हा पहिला संशय माझ्यावर आला. कारण त्या दिवशी पहिलं ताट माझं होतं.

तर्री म्हणजे रश्श्यावर चढणारा तेलाचा लाल थर. पुण्याकडची माणसं त्याला तवंग म्हणतात आणि चमच्यानं बाजूला सारतात. आमच्याकडे तो बाजूला सारणाऱ्याच्या घरी सोयरीक करताना चार जण विचार करतात. रुपरावची खानावळ अमरावती रोडवर, दोन गोदामांच्या मध्ये होती. रायपूरहून, हैदराबादहून येणारे ट्रक तिथं थांबत, आणि ते तर्रीसाठीच थांबत. बाकी खानावळीत थांबण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी माझ्या वाटीत जे आलं ते घट्ट, एकसारखं, भिंतीला द्यायच्या गेरूसारखं होतं.

"रुपराव, तर्री?"

"आहे ना."

"कुठं?"

रुपराव वाकला. त्यानं वाटी डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली, मग बोटानं फिरवली. "खाली गेली असन," तो म्हणाला. "तुम्ही हलवली काय, बाबूजी?"

मी हलवली नव्हती. मी तेव्हा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पत्रं टाइप करायचो. काही हलवण्याची जबाबदारी माझ्याकडे कधीच नव्हती. शेजारी बसलेल्या ओमप्रकाशनं आपली वाटी पुढं केली. तीही गेरू. मग रुपराव सगळ्या खानावळीत वाट्या पाहत फिरला आणि परत येऊन पुन्हा माझीच पाहिली. एखाद्याची वस्तू हरवली की ती जिथं नाही हे पक्कं झालं आहे तिथंच माणूस पुन्हा शोधतो, तसं.

ओमप्रकाशबद्दल सांगायला हवं. मी माळकरी घरातला, आणि तो मटणाचं नाव निघालं की चूळ भरणारा. धान्याच्या गोदामात मुनीम होता. रुपराव आम्हा दोघांनाही माळकरीच म्हणायचा आणि कोपऱ्यातल्या एका बाकावर बसवायचा. वाडीत सगळ्यांची समजूत अशी की आमची फार दाट मैत्री आहे. वस्तुस्थिती अशी की त्याला माझे विनोद सहन होत नसत आणि मला त्याचे ढेकर.

त्याच आठवड्यात खानावळीत आणखी एक गोष्ट घडली होती. मिक्सर आला होता.

खानावळीत सगळं वाटण प्रेमिलाच्या हातचं. प्रेमिला ही रुपरावची बायको. पाटा-वरवंटा फिरवून तिचा उजवा खांदा धरला होता. हात डोक्यावर नेऊन वेणी घालता येईना. म्हणून रुपराव शहरात सदरला गेला आणि विजेचं यंत्र घेऊन आला. दुकानदारानं सांगितलं होतं, "भाभीजीला म्हणा, सगळं एकदम टाका. परतलेला मसाला, तेल, सगळं. पातं फिरलं नाही तर पाणी घाला." प्रेमिला हरभरे शिजवलेलं पाणी घालायची, ते हाताशीच असायचं. दोन मिनिटं घर्र आवाज, की वाटण तयार. तेच अर्धं हरभऱ्याच्या रश्श्यात, अर्धं मटणात.

मिक्सरवर कोणीही संशय घेतला नाही. एक तर तो नवीन होता, आणि नवीन वस्तू बिघडलेली नसते असं रुपरावचं मत होतं. दुसरं म्हणजे रुपरावनं त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. पूजा झालेल्या वस्तूकडे बोट दाखवणं बरं दिसत नाही. तेव्हा संशय क्रमानं जवसाच्या तेलावर, हरभऱ्यावर, अमावस्येवर आणि समोरच्या पानठेलेवाल्याच्या नजरेवर गेला. तेल बदललं, हरभरे बदलले. अमावस्या आपली आपण गेली. पानठेलेवाल्याला एक ताट फुकट दिलं. रस्सा गेरूच.

आणि मग खाप्याहून निरोप आला.

खाप्याला सुभद्राबाई राहायची. ही रुपरावची थोरली बहीण. खानावळ मुळात तिनं काढलेली. पुढं सासरची शेती पाहायला ती खाप्याला गेली आणि चूल प्रेमिलाच्या हाती देऊन गेली. दिली म्हणजे काय, ठेवायला दिली. नानाजी नावाचा ड्रायव्हर त्या बाजूनं यायचा. त्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला.

"बाई म्हन्ते, रविवारी येऊन राहिली. तर्री दिसली तं ठीक. नाही तं सोमवारपासून चूल मी धरतो, अन् प्रेमिलानं भांडे घासावं. प्रेमिलाचा हात गेला म्हन्ते."

हात जाणं म्हणजे हातची चव जाणं. आमच्याकडे माणसाचं घर गेलं, जमीन गेली तरी लोक सांत्वनाला येतात. बाईचा हात गेला म्हटल्यावर कोणी येत नाही; जेवायलासुद्धा.

त्या दुपारी मी हात धुवायला मागं गेलो तर प्रेमिला मोरीपाशी उभी राहून आपला तळहात पाहत होती.

"बाबूजी, तुमी शिकलेले आहा. हाताचं असं काही असते काय हो?"

"नसतं," मी म्हटलं. "हात जातबीत नसतो."

"मंग तर्री कुठं गेली?"

मी उगाच हात पुन्हा धुतले.

"लगन होऊन आली तवा बाईनं मले दोन वर्षं फोडनीले हात लावू देल्ला नाही," ती म्हणाली. "भांडे घासत तिच्याकडं पाहत राहायची. आता सारा अमरावती रोड मह्या हातचं खाते, अन् मी पुन्हा भांड्यापाशी. तिले मी हात जोडीन, पन हात गेला हे कसं कबूल करू? मले तं कई गेला ते समजलंबी नाही."

तेव्हा रुपरावला शास्त्राची आठवण झाली. खानावळीच्या मागच्या खोलीत मधुकरराव भाड्यानं राहत. शहरातल्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, आणि जे काही दिसेल त्याचं कारण सांगत. न दिसणाऱ्या गोष्टींचं तर जास्तच सांगत. रुपरावनं त्यांच्यापुढं वाटी ठेवली.

"सर, येवढंच सांगा. तेल पान्याले काहून भेते?"

"भीत नाही," मधुकरराव म्हणाले. "सगळी चूक इथंच होते. तेलाची पाण्याबद्दल काहीच तक्रार नाही."

"मंग पानी तेलाले भेते?"

"तेही नाही."

"मंग भेते कोन?"

"कोणीच नाही."

रुपराव माझ्याकडे वळला. मी वाटीत पाहिलं.

"असं बघा," मधुकरराव म्हणाले. "पाण्याचे कण एकमेकांचे हात धरून असतात. सोडतात, दुसऱ्याचा धरतात, पुन्हा सोडतात. सारखी धांदल. आता त्यांच्यात तेलाचा कण आला. तेलाला हातच नाही, तर त्याचा धरणार काय? मग त्याच्या भोवतीच्या पाण्याला मोठं सांभाळून, नेमून दिल्यासारखं उभं राहावं लागतं, म्हणजे आपला हात रिकामा राहत नाही. आणि पाण्याला शिस्त सोसत नाही."

"पोट्ट्यांसारखं," नानाजी म्हणाला.

"तसंच. रुपराव, तुम्ही या दोघा माळकऱ्यांना एका बाकावर का बसवता?"

हा प्रश्न सोपा होता, म्हणून रुपरावला बरं वाटलं. "पाहा ना सर. मटनाच्या दिवशी ड्रायव्हर लोक मोकळे जेवते. इकडून वाटी तिकडं, हाड चोखनं, हात हलवत गोष्टी सांगनं. मधात माळकरी बसला का त्याच्यावर शितोडा उडू नये म्हनून आजूबाजूचे सारे कोपर आवरून बसते. एक माळकरी इकडं अन् एक तिकडं बसला, तं दोन जागचे लोक आखडते. दोघांले एका जागी बसवलं का कमी लोक आखडते."

"हेच तर म्हणतोय मी. तेलाचे थेंब एकत्र येतात ते याच हिशेबानं. एकत्र आले की कमी पाण्याला सांभाळून राहावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं, काय यांचं प्रेम."

"प्रेम बिलकुल नहीं है," ओमप्रकाश म्हणाला. इतक्या घाईनं म्हणायची काही गरज नव्हती.

"थोडी ओढ असते," मधुकरराव म्हणाले. "पण अगदी क्षीण. मुख्य कारभार पाण्याचा."

रुपरावच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातला पहिला उजेड पडला. "कारभार पान्याचा?"

"हो."

"तेलाचा नाही?"

"नाही."

"मंग दोष पान्यात आहे."

"मी तसं म्हटलं नाही," मधुकरराव म्हणाले. पण तोवर रुपराव ड्रायव्हरांकडे पोचला होता.

दुसऱ्या दिवसापासून वाडीत पाणी यायला लागलं. ज्याचा ट्रक जिथून येई तिथलं पाणी त्यानं डब्यात भरून आणायचं. अमरावतीचं आलं, भंडाऱ्याचं आलं, रायपूरचं, आदिलाबादचं. डब्यांवर खडूनं गावांची नावं घालून रुपरावनं ते भिंतीशी ओळीनं मांडले. खानावळ स्टेशनातल्या पार्सल ऑफिसासारखी दिसू लागली. जबलपूरहून नर्मदेचं पाणी आलं तेव्हा ते मटणात घालावं की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी ते फक्त माळकऱ्यांच्या रश्श्यात घातलं. ओमप्रकाशनं पहिला घास घेण्याआधी नमस्कार केला. मीही केला, एका बाकावर बसल्यावर काही गोष्टी कराव्या लागतात. रस्सा गेरूच होता, पण त्या दिवशी आम्ही तक्रार केली नाही.

प्रत्येक पाण्याचं वाटण अर्थातच मिक्सरमधून निघत होतं. पाण्याची परीक्षा घ्यायची तर यंत्र चांगलं पाहिजे, असं रुपरावचं म्हणणं.

सगळ्यात जास्त गोंधळ मधुकररावांचा झाला. आम्हाला निदान काही ठाऊक नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते वाटीत घडत नव्हतं. त्यांनी रस्सा एका काचेच्या बाटलीत भरला आणि खिडकीत ठेवला. कॉलेजला जाताना पाहत, आल्यावर पाहत. बाटली एकरंगी. "वेगळं व्हायलाच पाहिजे," ते बाटलीला म्हणत. "तेल आणि पाणी वेगळं होतं हे मी इतकी वर्षं शिकवतोय." मग हळूच मला विचारीत, "होत होतं ना हो? तुम्ही पाहिलेलं आहे ना?" मी पाहिलेलं होतं. पण तोवर मलाही वाटायला लागलं होतं की आपण ऐकीव गोष्ट सांगतो आहोत.

रविवारी सकाळी सुभद्राबाई बसमधून उतरली. डोक्यावर कन्हान नदीच्या पाण्यानं भरलेली कळशी, काखेत पिशवी. तिनं भिंतीजवळचे डबे पाहिले.

"हे काय मांडलं रे, रुपराव? पूर येनार हाय काय?"

"पानी तपासून राहिलो, बाई."

"अन् डोकं?"

प्रेमिलानं तिच्या पायांना हात लावला. सुभद्राबाईनं तो हात तिथंच धरला, उलटा केला, सुलटा केला आणि सोडून दिला. प्रेमिलाचा चेहरा पाहून मला ऑफिसातलं काम आठवू लागलं, पण रविवार होता, सुटका नव्हती.

तेवढ्यात लाईन गेली. त्या काळी लाईन जाणं ही बातमी नव्हती. रुपराव मिक्सरजवळ उभा राहिला, बटण दाबलं, सोडलं, दाबलं. बाहेर ड्रायव्हर हात धुऊन ताटांवर बसलेले.

"पाटा कुठं हाय?" सुभद्राबाई म्हणाली.

पाटा मागच्या दाराला टेकण म्हणून लावला होता. प्रेमिलानं तो ओढला, धुतला आणि वाटायला बसली. पाच-सहा हात फिरले असतील, की वरवंटा थांबला. तिनं डाव्या हातानं उजवा खांदा धरला, पुन्हा फिरवला, पुन्हा थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते खांद्याचं की चुलीचं, सांगता येत नव्हतं.

"सरक वं," सुभद्राबाई म्हणाली आणि समोर बसून वरवंट्याचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून मसाला वाटला. मग कढईत जवसाचं तेल, तेलात वाटण. प्रेमिलानं ते तेल सुटेपर्यंत परतलं, वरून हरभऱ्याचं पाणी घातलं, कळशीतलं पाणी घातलं आणि झाकण ठेवलं.

झाकण काढलं तेव्हा वर बोटभर लाल तर्री होती. अशी चमकत होती की तिच्यात छपराचे पत्रे दिसत होते. खानावळीत इतकी शांतता मी फक्त कोणी उधारी विचारली तेव्हाच ऐकली होती.

"पाह्यलं?" सुभद्राबाई म्हणाली आणि आपला उजवा हात वर केला. "हात याले म्हन्ते."

"हात नाही, बाई. पानी," रुपराव म्हणाला. "कन्हानचं पानी हाय हे. सर म्हनलेच होते."

"मी म्हटलं नव्हतं," मधुकरराव म्हणाले. ते झाकणाच्या आतली बाजू पाहत होते. "आज हवा कशी आहे? दमट आहे का?"

तर्री आली होती, पण आपली होती की नव्हती हे प्रेमिलाला कळायला मार्ग नव्हता. वाटलं दोघींनी. परतलं तिनं. पाणी खाप्याचं. सुभद्राबाईनं पदर खोचला. "आता तं उघडच हाय," ती म्हणाली. "उद्यापासून मी..."

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरू लागला. लाईन आली होती.

"थांब, बाई," रुपराव म्हणाला. त्याला आपलं यंत्र थोरल्या बहिणीला दाखवायचंच राहिलं होतं. "पान्याचंच काम हाय, दाखवतो. हाच रस्सा मशीनमधून काढतो. दुप्पट तर्री येईन."

त्यानं कढईतून तर्रीसकट चार पळ्या उचलल्या, मिक्सरच्या भांड्यात ओतल्या आणि बटण दाबलं. घर्र झालं. झाकण काढलं. वर फेस, खाली गेरू.

रुपरावनं पुन्हा चार पळ्या घेतल्या. पुन्हा गेरू. तिसऱ्यांदा तो कढईकडे वळला तेव्हा नानाजीनं त्याचं मनगट धरलं. "भाऊ, समजलं. आमाले जेवाचं हाय."

मधुकरराव फेसाकडे पाहत होते. मग ते अंगणात गेले, परत आले आणि पुन्हा फेसाकडे पाहिलं. "हरभऱ्याच्या पाण्याला फेस येतो," ते स्वतःशी म्हणाले. "साबणासारखा. म्हणजे त्यात तसलं काहीतरी असणार. त्याच्या कणाचं एक टोक तेलात रमतं, दुसरं पाण्यात. मशीननं तेलाचे बारीक बारीक तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्याभोवती हे कण उभे राहिले. बाहेरून पाण्याचा हात धरला, आतून तेलाला बिलगले. आता पाण्याला त्रास नाही, मग ते तेलाला एकत्र ढकलेल कशाला?"

"दलाल," नानाजी म्हणाला.

"काय?"

"एक पाय मालवाल्याकडं, एक ट्रकवाल्याकडं. दलाल म्हन्ते त्याले. दलालाच्या हातून माल सुटत नसते, सर."

वाडीतल्या माणसाला याहून जास्त शास्त्र लागत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. फक्त मला एक कळेना. "पण हरभऱ्याचं पाणी पाट्याच्या रश्श्यातही होतं," मी म्हटलं. "तिथं दलाल नव्हता?"

"होता की. पण त्याला तेलाचे एवढे बारीक तुकडे करून द्यायला तिथं कोणी नव्हतं. तेल आधी कढईत सुटलं, मग वर गेलं." हे बोलून मधुकरराव जरा घुटमळले. "बहुतेक," ते म्हणाले.

सुभद्राबाईनं खोचलेला पदर सोडला. आपला हात पाहिला. मग प्रेमिलाचा हात ओढून घेतला, सकाळसारखाच उलटा केला, सुलटा केला.

"जाग्यावर हाय," ती म्हणाली.

प्रेमिलानं तोंड फिरवलं आणि विनाकारण पळी धुतली.

"मंग हे मशीन मी खाप्याले नेतो," सुभद्राबाई म्हणाली. "इथं नको हे. पाटा बरा."

"मशीन इथंच राहीन, बाई." प्रेमिलाचा आवाज मोठा नव्हता, पण पळीचा आवाज थांबला होता. "मसाला कच्चा वाटीन त्याच्यात. तेल मंग, कढईत. पाट्यानं मले खांदा राहत नाही."

नणंदेला असं सांगितलेलं वाडीत कोणी ऐकलेलं नव्हतं. रुपराव पंख्याकडे पाहू लागला. सुभद्राबाई थोडा वेळ मिक्सरकडे, त्याच्यावरच्या हळदकुंकवाकडे आणि मग प्रेमिलाच्या खांद्याकडे पाहत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "वाढ मले."

आणि ती येऊन आमच्या बाकावर बसली. पाय पसरून, दोन्ही बाजूंना पिशवी आणि कळशी ठेवून. प्रेमिलानं पहिली वाटी तिला दिली, वर तर्री काठोकाठ. सुभद्राबाईनं बोट बुडवलं, चाखलं आणि चुलीकडे पाठ करून जेवायला लागली. खानावळ काढल्यापासून ती चुलीकडे पाठ करून जेवल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"आज बाकावर जागा नाही," प्रेमिला आम्हा माळकऱ्यांना म्हणाली. आता खानावळीत कोण कुठं बसणार हे ती ठरवत होती. "बसा कुठंबी."

रविवार असल्यानं सगळीकडे मटण होतं. मी नानाजीशेजारी बसलो, ओमप्रकाश पार दुसऱ्या टोकाला. मला बघताच नानाजीनं कोपर आवरलं, त्याच्या पलीकडच्यानं वाटी जवळ घेतली. तिकडेही तसंच झालं असावं. मी थोडा सरकलो, कोणीतरी मला आणखी थोडं सरकवलं. तर्री संपायच्या आत मी आणि ओमप्रकाश भिंतीशी, डब्यांच्या ओळीपाशी, गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो होतो. त्याच्या पाठीशी आदिलाबाद होतं, माझ्या पाठीशी जबलपूर.

त्यानं आपल्या ताटातली लिंबाची फोड माझ्या ताटात सरकवली.

हे त्या क्षीण ओढीत धरायचं की पाण्याच्या कारभारात, म्हणून मी जेवणानंतर मधुकररावांना विचारलं. ते खिडकीतली बाटली उजेडात धरून पाहत होते.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.